सगळ्यांना एकच धड

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट माझंच नाक कापलं जाणार आहे, कारण ज्याच्या स्टुडिओत हे झालं तो गोमटेश माझा सख्खा धाकटा भाऊ.

गाव निपाणी. स्टँडकडून तंबाखूच्या वखारींकडं जो रस्ता जातो, त्यावर त्याचा स्टुडिओ.

आणि रात्र वगैरे काही नाही हं. भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं तुम्हाला? गेल्या वर्षीचा मे महिना होता. भर दुपार. बाहेर डांबर वितळत होतं.

मी बेळगावात असते. हे सगळं माझ्या भावजयीनं, दीप्तीनं, माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंय. सांगताना दोनदा उठून हात धुऊन आली.

तर... स्टुडिओसमोर भरतीची अकॅडमी आहे. मिलिटरीत जायची तयारी करणारी पोरं तिथं राहतात. लेखी परीक्षा आणि पळणं निघालं की ती गोमटेशकडं यायची. वर्दीतल्या फोटोला. अजून भरतीचा पत्ता नाही, तोवर फोटो! आईबापांना भिंतीवर लावायला, पोरांना मोबाईलवर ठेवायला आणि अकॅडमीच्या सरांना चौकात फ्लेक्स लावायला.

आता वर्दी काय अशी कुणाच्याही अंगावर चढवता येत नाही. मग आमच्या हुशार भावानं युक्ती काढली.

पोरगं बनियनवरच स्टुलावर बसवायचं. नुसत्या तोंडाचा फोटो घ्यायचा. कॉम्प्युटरवर ते तोंड मानेपासून कापायचं आणि तयार धडावर बसवायचं. रुंद छाती, कडक इस्त्री, ताठ कॉलर.

धड सगळ्यांना एकच. डोकी तेवढी वेगळी.

त्या धडाला तो 'हिरो' म्हणायचा. "दीप्ती, हिरो उघड गं, गिऱ्हाईक आलंय."

डोकी बसवायचं काम दीप्तीचं. लग्न होऊन आली तेव्हा हिरो कॉम्प्युटरवर होताच. इंटरनेटवरचा असेल असं तिला वाटलं. पण त्या कामाची तिला पहिल्यापासून शिसारी. एकच कंगवा, त्यात सगळ्यांचे केस अडकलेले. एकच पावडरचा पफ, घामानं काळा आणि ओलसर. ती म्हणायची, "अहो, निदान हा पफ तरी बदला." हा म्हणायचा, "फोटोत दिसतंय व्हय ते?"

असा माणूस.

दीप्तीला एक भाऊ, जिनेंद्र. आईवडील लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला, लग्नानंतरही जवळच ठेवला. मिलिटरीचं वेड त्याला शाळेपासून. लेखी निघाली होती, पळण्यातही पास झाला होता. राहिलं होतं फक्त मेडिकल. वयाची अट संपत आली होती, त्यामुळं ही भरती गेली की विषयच संपला. पोरगं रात्री झोपेत पाय हलवायचं म्हणे, पळत असल्यागत.

दीप्तीनं मोठ्या हौसेनं त्याचाही फोटो केला. हिरोच्या धडावर जिनूचं डोकं. नीट बसवलं, रंग जुळवला, प्रिंट काढून घरात लावला.

आणि दुसऱ्याच दिवशी...

हिरोच्या कॉलरवर डाग दिसला.

डाव्या कानाखाली. पिवळट. डाळीएवढा.

दीप्तीला वाटलं, स्क्रीनवर काहीतरी सांडलंय. पुसलं. गेला नाही. मग तिनं कॉम्प्युटरवरच तो डाग काढून टाकला आणि फाईल सेव्ह केली.

सकाळी उघडली तर डाग होता.

आणि थोडा मोठा...

तिनं पुन्हा काढला. दुपारी एका पोराचा फोटो करून प्रिंट दिली. कागद मशिनमधून बाहेर आला, तिनं उचलला आणि तिचं बोट कॉलरवर चिकटलं.

कागद तिथं ओला होता.

शाई असेल म्हणून तिनं बोट नाकाशी नेलं. शी! पिकलेल्या गळवाचा वास. निपाणीत आम्हाला तंबाखूच्या वासाची इतकी सवय की दुसरा वास लवकर लागत नाही. हा वास त्या तंबाखूच्या वर आला आणि दुकानातच राहिला.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ती जेवायला बसली खरी, पण बोटाचा वास जाईना, ताट तसंच सारलं. आम्ही जैन, आमच्यात दिवे लागल्यावर ताट नाही. उपाशीच झोपली.

त्या आठवड्यात एक पोरगं जादा प्रिंट मागायला आलं. मान वाकडी धरलेली. दीप्तीनं विचारलं, "काय झालंय रं मानेला?"

"गळू झालंय वैनी. लई ठणकतंय."

डाव्या कानाखाली. बरोबर कॉलर लागते तिथं.

तिनं स्वतःचीच समजूत घातली. उन्हाळा आहे, पोरं घामात राहतात, होतात गळवं. मग दुसरा आला. त्यालाही तिथंच. मग सरांनीच येऊन सांगितलं, "अहो गोमटेश, आमच्या दोन पोरांना मेडिकलमधनं परत पाठवलं. मानेवर पू हाय म्हणत्यात."

दोघांचेही फोटो दीप्तीनंच केलेले.

ती दुकान टाकून घरी धावली. जिनू आरशासमोर उभा होता, मान वळवून काहीतरी बघत होता.

"आक्का, हितं बघ की जरा. काहीतरी बोचतंय."

कानाखाली लाल चट्टा. मधोमध पांढरं तोंड धरलेलं.

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. फोटोतल्या कॉलरवरून एक पिवळा ओघळ खाली उतरला होता. काचेच्या आतून...

तिनं फोटो काढून जमिनीकडं तोंड करून ठेवला. मेडिकल तोंडावर आलं होतं. बेळगावला मिलिटरीचे डॉक्टर अंगावरचा कपडा न् कपडा काढून तपासतात. असलं वाहतं गळू दिसलं की पोरगं घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात ती एकटीच होती. शटर अर्धं ओढलेलं, पंखा बंद, लाईट नुकतीच आलेली. तिनं हिरो उघडला.

डोकं नसलेलं धड. रिकाम्या मानेखाली ती ताठ कॉलर, आता पूर्ण पिवळी झालेली.

पण तिची नजर छातीवर गेली. तिथं नावाची पट्टी असते ना, ती गोमटेशनं पुसून ठेवली होती. सगळ्यांना चालावी म्हणून नुसता काळा पट्टा. कायम तसाच.

आज त्यावर नाव होतं.

स्वच्छ. पांढऱ्या अक्षरात...

शरद.

आणि तिला स्पष्ट आवाज आला. कुणीतरी खुर्चीच्या मागं श्वास घेत होतं. नाकानं नव्हे. नाक नसल्यागत, गळ्यातून. ओला, घुर्र... घुर्र...

तिनं मागं बघितलं नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि शटरखालून वाकून रस्त्यावर आली, तशीच अनवाणी.

घरी गोमटेश आंबा चोखत बसला होता.

"शरद कोण?" तिनं विचारलं.

त्याचा हात थांबला. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला, तरी पुसेना.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी विचारतीय ते सांगा. हे धड कुणाचं हाय?"

मग त्यानं सांगितलं. तोंडात आंबा ठेवूनच सांगितलं! दीप्ती म्हणते, वन्सं, त्या माणसाच्या शेजारी मी रोज झोपते याची मला त्या क्षणी किळस आली. माझा भाऊ आहे, पण मी तिला काय बोलणार? मलाही आली.

शरद ह्याच अकॅडमीचा पोरगा, दीप्तीच्या लग्नाच्याही आधीचा. खानापूरकडच्या खेड्यातला. मिलिटरीत लागला, ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीला आला, आणि आईला घेऊन सरांच्या पाया पडायला निपाणीला आला होता. खरी वर्दी, अंगावर नीट बसलेली. जाताना स्टुडिओत शिरला. म्हणाला, "आईला घरात लावायला एक चांगला फोटो पायजे. पुढच्या आठवड्यात येऊन नेतो."

गोमटेशला त्या फोटोतली छाती आवडली. पोरगं दुकानातून बाहेर पडलं आणि ह्यानं त्याचं डोकं कापलं.

त्याच आठवड्यात खानापूरच्या रस्त्यावर लाकडाच्या लॉरीला शरदची गाडी धडकली.

"तोंडच ऱ्हायलं न्हवतं म्हणं," गोमटेश म्हणाला आणि कोय ताटात टाकली. "आईला तोंड बघू दिलं न्हाय कुणी. कापड बांधूनच नेला."

"आणि फोटो? त्यांना फोटो दिला?"

"म्हातारी आलती मागायला. आता ते शोधत कोण बसणार? कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं म्हणून सांगितलं."

म्हणजे बघा. ती बाई रिकाम्या हातानं स्टँडकडं गेली असेल. आणि वाटेत चौकात फ्लेक्स. तिच्याच पोराची छाती, ओळीनं, आणि वर दुसऱ्यांची डोकी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली हे ऐकून. आईशप्पथ, समोर असता तर कानफटात दिली असती त्याच्या.

दीप्ती उठली. त्याच पावली दुकानात गेली. जिनूला बरोबर नेलं, कारण एकटीनं जायची हिंमत नव्हती. ड्रॉवरमधली सगळी जुनी कार्डं टेबलावर ओतली आणि एकेक लावून बघत बसली.

वास इतका होता की जिनू दारात जाऊन ओकला.

शेवटी सापडला. कार्ड काही खराब झालेलं नव्हतं. अख्खा फोटो होता.

हसरं पोरगं. मान किंचित डावीकडं कललेली. आणि कॉलरच्या वर, डाव्या कानाखाली, जुन्या गळवाचा व्रण.

दीप्तीनं मोठी प्रिंट काढली. मशिनमधून कागद सरकत होता तसा वास कमी कमी होत गेला. कपाळ आलं, डोळे आले, हनुवटी आली... आणि वास गेला. पंख्याची घरघर ऐकू येईल एवढं शांत झालं.

तिनं हिरो कायमचा पुसला. मग दोघं बहीणभाऊ बसनं बेळगावला आणि तिथून दुसऱ्या बसनं खानापूरच्या बाजूला गेली.

शरदच्या आईला गावात बेबीआक्का म्हणतात. घर लहान, पुढं भाताचे वाफे, मागं लगेच जंगल. दारात बाई तांदूळ पाखडत बसली होती.

आत भिंतीवर एक चौकट लावलेली होती. काच लख्ख पुसलेली.

आत फोटो नव्हता. पाठीमागचा नुसता पुठ्ठा दिसत होता.

"फोटो येणार म्हणून त्यानंच घेतलीती बाजारातनं," बेबीआक्का म्हणाली. "पुसते मी रोज."

दीप्तीनं फोटो तिच्या हातात दिला. ती बाई रडली नाही. तिनं बोटानं त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश चाचपलं. मग मान वर केली आणि जिनूकडं बघितलं. त्याच्या तोंडाकडं नाही. मानेकडं.

"हिकडं ये रं."

जिनू गेला. तिनं त्याची मान डावीकडं कलती केली.

"शरदला पण हितंच व्हायचं. लहानपणापास्नं. पिकलं की मीच पिळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाय."

दीप्ती म्हणाली, "आक्का, डॉक्टरला दाखवतो आम्ही..." पण तोवर बाईनं दोन्ही अंगठे लावले होते.

जिनू ओरडला. पू फुटून तिच्या मनगटावर उडाला. घट्ट, हिरवट, मागोमाग काळं रक्त. थांबेचना. एवढ्याशा गळवात एवढं मावतंच कसं? दीप्तीनं तोंडात पदर कोंबला. बेबीआक्का मात्र शांतपणे दाबत होती, आणि तोंडानं पुटपुटत होती, "झालं झालं, झालं माझ्या बाळा..."

शेवटी टक् करून काहीतरी फरशीवर पडलं.

काच होती. बारीक, टोकदार. गाडीच्या आरशाची असते तशी.

जिनूला आयुष्यात कधी काच लागलेली नाही. गाडीवरून तो कधी पडलेला नाही.

बाईनं ती उचलली, धुतलीसुद्धा नाही, आणि पदराच्या गाठीत बांधली. "जा आता," म्हणाली. "होतंय पास."

आणि झालाही. चार दिवसांत जखम भरली. मेडिकलच्या डॉक्टरनं मान बघितली, सोडून दिली. जिनू बंगळूरकडं ट्रेनिंगला गेला. दीप्तीनं आनंदानं गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ले.

अकॅडमीतल्या बाकीच्या पोरांची गळवंही बसली. गोमटेशचं म्हणाल तर त्यानं दुसरं धड आणलंय. कुणाचं ते मी विचारलं नाही. त्याच्या हातचं पाणी मी आता पीत नाही.

इथं संपायला पाहिजे होतं ना?

दिवाळीच्या आधी बेबीआक्का निपाणीला आली. नव्या तांदळाची पिशवी घेऊन. दारात उभी राहूनच म्हणाली, "पोराला पाठवा."

दीप्तीनं तिला बसवलं, सरबत दिलं. जिनूचा ट्रेनिंगमधला फोटो नुकताच मोबाईलवर आला होता, तो दाखवला. खरी वर्दी. खरी छाती. तिथल्या फोटोवाल्यानं काढलेला. कुठं काही कापलेलं नाही की चिकटवलेलं नाही.

फक्त मान डावीकडं कललेली होती.

जिनूची मान कधीच अशी नव्हती. फोनवर तो म्हणायचा, "आक्का, उस्ताद रोज शिव्या देतोय मान सरळ कर म्हणून. मला तर सरळच वाटती गं."

बेबीआक्कानं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितला.

मग तिनं अंगठा उचलला आणि... जिनूच्या तोंडावर ठेवला. नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत झाकलं.

खाली राहिलेल्या धडाकडं बघत ती मायेनं म्हणाली,

"जेवतोय का न्हाय नीट? खांदं उतरल्यात."

दीप्तीनं मोबाईल हिसकावूनच घेतला. ती बाई गेल्यावर मोबाईलचा स्क्रीन पदरानं पुसला, मग ओल्या फडक्यानं, मग साबणाच्या हातानं. अंगठ्याचा तेलकट डाग जिनूच्या तोंडावर तसाच होता. शेवटी तिनं फोटोच पुसून टाकला. आणि रडत मला फोन केला.

मी समजूत घातली. लेकरू गेलेली बाई आहे, मनाला लावून घेऊ नकोस म्हटलं. मला तसंच वाटत होतं तेव्हा.

परवा ती माझ्याकडं आली असताना जिनूचा फोन आला. पहिली सुट्टी मिळाली होती. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. मी शेजारी कणीक मळत होते, सगळं ऐकलं.

"बेळगावला उतरलास की वन्सं येतील बघ न्यायला," दीप्ती म्हणाली. "तिथनं लगेच निपाणीची बस धर. तुझ्यासाठी पुरणाच्या होळग्या करतीय."

"तिकीट बेळगावचंच हाय आक्का. पण मी आधी खानापूरला उतरतो."

"खानापूरला? कशाला रं?"

फोन चालूच होता. नुसता श्वास ऐकू येत होता...

ओला. घशातून.

"जिनू? कशाला उतरतोस खानापूरला?"

मग तो बोलला. आवाज जिनूचाच. पण अगदी साधेपणानं, आपण रोजचं काही सांगावं तसं म्हणाला,

"घरी जायला."

दीप्तीच्या हातातून फोन माझ्या कणकेच्या परातीत पडला.

रविवारी त्याची गाडी आहे. दीप्ती येणार नाही, तिची हिंमत नाही. मला हात जोडून म्हणाली, वन्सं, तुम्ही खानापूर स्टेशनात जाऊन उभ्या रहा, त्याला हाक मारा आणि धरून आणा. मी जाणार आहे. लेकरू तिचं आहे, असं कुणाच्या दारात सोडायचं नाही.

पण तो गाडीतून उतरेल, मान डावीकडं कलती करून जंगलाकडच्या रस्त्याला लागेल, आणि मला मागून हाक मारावी लागेल...

कुठल्या नावानं मारू, ते अजून ठरत नाहीये.